बिजलीची पिल्लं: स्पोरोसिस्ट दोन की चार, ते अखेर कळलं

बिजली ही आमची कारवानी जातीची कुत्री; तिची पिल्लं दोऱ्याच्या रंगावरून ओळखतो. पिवळ्या दोऱ्याच्या पिल्लाच्या शीच्या नमुन्यात ४० च्या भिंगाखाली ऊसिस्ट (कॉक्सिडिया या परजीवीचं अंड्यासारखं कवच) दिसला आणि त्याच्या आत दोन स्पोरोसिस्ट, म्हणजे छोट्या पिशव्या, स्वच्छ दिसले. म्हणजे आयसोस्पोराच, कुत्र्याला होणारा कॉक्सिडिया. आनंद एवढा झाला की आईला गोठ्यातून बोलावून आणून दाखवलं. वजनांचा तक्ता आणि पळण्याचे व्हिडिओ पुढच्या वेळी. आजची नोंद सगळी शी तपासण्याची आहे, मंडळी.

मागचं आठवत असेलच. पिल्लांचं जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्याला वेळच्या वेळी झालं होतं, तरी पिवळा आणि लाल या दोघांची शी पातळ, शेंबडासारखी चिकट येत होती. खाणं, खेळणं ठीक, फक्त पिवळ्याचं वजन वाढायचं थांबलं होतं. लस न झालेल्या पिल्लाला जुलाब म्हटलं की पहिला संशय पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूचा. डॉक्टरांनी त्याच दिवशी स्ट्रिप टेस्ट करून घेतली, दोघंही निगेटिव्ह. त्यानंतर ‘अजून एक जंताचा डोस द्या’ असा सल्ला बऱ्याच जणांकडून आला. सल्ला मनापासूनचा होता, पण पायरँटेल गोलजंत आणि अंकुशकृमींवर चालतं. कॉक्सिडिया हे जंत नाहीतच, आतड्याच्या पेशींत वाढणारे एकपेशीय जीव आहेत. त्यांच्यावर पायरँटेल कितीही द्या, उपयोग शून्य.

म्हणून फ्लोटेशन सुरू केलं, म्हणजे शी दाट द्रावणात कालवून वर तरंगणारं मायक्रोस्कोपखाली बघायचं. मिठाच्या संपृक्त पाण्यापेक्षा मला साखरेचा पाक कितीतरी सरस वाटतो: ३५५ मिली पाण्यात ४५४ ग्रॅम साखर, मंद आचेवर विरघळवून गार केलेली. मिठाचे स्फटिक काचपट्टीवर चटकन धरतात आणि बघता बघता सगळं क्षेत्र गढूळ होतं. पाकाची पट्टी निवांत बघता येते. मात्र जिआर्डिया या आतड्यातल्या दुसऱ्या परजीवीचे सिस्ट या पाकात चेपले जातात, त्यासाठी झिंक सल्फेटच हवं. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त कव्हरस्लिप एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या; लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि पट्टी सरकवणारं मेकॅनिकल स्टेज नसलेला मायक्रोस्कोप घेऊच नका.

दोन्ही पिल्लांच्या नमुन्यांत ऊसिस्ट सापडले. इथे कुणीही औषध सुरू केलं असतं. पण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: ‘पिल्लं शेळ्यांच्या लेंड्या खातात का?’ खातात. आमचं अंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, एका अंगाला शेळ्या, दुसऱ्या अंगाला कोंबड्यांचं खुराडं. शेळीचा किंवा कोंबडीचा कॉक्सिडिया म्हणजे आयमेरिया. तो कुत्र्याला होत नाही, पण पिल्लानं लेंडी किंवा विष्ठा खाल्ली तर त्याचे ऊसिस्ट आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडतात आणि पट्टीवर दिसतात. आकारावरून ओळखावं म्हटलं तर कुत्र्यातला आयसोस्पोरा ओहायोएन्सिस साधारण २३ गुणिले १९ मायक्रॉन, आणि कोंबडीचा आयमेरिया टेनेला जवळपास तेवढाच. आयसोस्पोरा कॅनिस असता तर ३८ मायक्रॉनच्या आसपासच्या आकारानं लगेच ओळखू आला असता. आमचे लहानच होते.

मग उरला एकच मार्ग, ऊसिस्ट पिकू द्यायचे. ताज्या शीत ते कच्चे असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की आत स्पोरोसिस्ट तयार होतात. आयसोस्पोरात दोन स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात चार स्पोरोझॉइट, म्हणजे प्रत्यक्ष संसर्ग करणारे जीव; आयमेरियात चार स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात दोन. एकूण आठच, मांडणी वेगळी. ओळखीच्या प्रयोगशाळेतून अडीच टक्क्यांचं पोटॅशियम डायक्रोमेट मिळालं. त्यात नमुना ठेवला की बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत. पण ते विषारी आणि कर्करोगकारक आहे, हातमोजे घाला, घरातल्या भांड्यांपासून लांब ठेवा, उरलेलं मोरीत ओतू नका, प्रयोगशाळेला परत करा. ज्यांना हे नको असेल त्यांनी नमुना सरळ पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावा. आपल्या भागात उदगीरला आहे.

पिवळ्याचे आधी पिकले: दोन. लालचे मात्र रेंगाळले, आणि पिकले तेव्हा मोजले चार, चार, चार. अख्खी पट्टी फिरवली, दोनवाला एकही नाही! लालला कॉक्सिडिया नव्हताच, तो लेंड्या खात होता. त्याला शेळ्यांच्या बाजूनं जाळी लावून वेगळं ठेवलं, तर ऊसिस्टही गेले आणि शीही बांधली गेली, कुठल्याही औषधाविना. एकाच आईची, एकाच अंगणातली पिल्लं, लक्षण एकच आणि कारणं दोन. दोघांना सरसकट औषध दिलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

पिवळ्याला डॉक्टरांनी वजनावर टोल्ट्राझुरिल हे कॉक्सिडियावरचं औषध दिलं. कृषी केंद्रात मिळणारी बाटली कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळण्यासाठी असते, तिच्यावरून पिल्लाचा डोस अंदाजानं काढू नका. सल्फाची औषधंही चालतात, पण त्यांनी काही कुत्र्यांचे डोळे कोरडे पडतात, म्हणून तीही डॉक्टरांच्या नजरेखालीच.

औषधापेक्षा फरशी जास्त छळणार आहे. फिनेल ऊसिस्टला काही करत नाही, ब्लीचसुद्धा नाही. उकळतं पाणी किंवा वाफ, तेवढंच. ब्लीच मी बंद करणार नाही, कारण पार्वोला तेच लागतं: आधी जागा घासून धुवायची, मग एक भाग ब्लीच ३० भाग पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. कॉक्सिडियासाठी खरा उपाय शी पडल्या पडल्या उचलणं. पावसाळ्यातल्या उबेत ऊसिस्ट दिवसाभरातही पिकू शकतो, आणि पिकल्यावरच तो संसर्ग करतो. माश्याही त्याला इकडून तिकडे नेतात. बिजलीच्या नमुन्यातही तुरळक दिसले. तिला स्वतःला काही त्रास नाही, पण तिची कास आणि मागचे पाय रोज कोमट पाण्यानं पुसतोय.

पिल्लांसाठी लाकडी फळ्यांचा मंच करायचं ठरवलं होतं, मापंही घेतली होती. हे लिहिता लिहिता वाटतंय, नको. लाकूड ओल धरतं आणि फटी उकळत्या पाण्यानंही साफ होत नाहीत. उंचावर लोखंडी जाळी म्हणावी तर कारवानीच्या पिल्लांची लांब बोटं त्यात अडकतील, ती भीती जास्त. शहाबादी फरशीचे सांधे सिमेंटनं बुजवून एका कोपऱ्याकडे उतार द्यावा, हे उत्तम. गवंडी याच आठवड्यात बघतो.

पिवळ्याचं लसीचं वेळापत्रक या जुलाबामुळे थोडं सरकलं. लाल आणि बाकीची पिल्लं ठणठणीत आहेत, त्यांचा पहिला डोस ठरल्याप्रमाणे. पिवळ्याचा जुलाब पूर्ण थांबल्यावर, डॉक्टर म्हणतील तेव्हा. पहिल्या डोसवर कुणी निर्धास्त होऊ नका. चिकातून आलेली आईची प्रतिकारद्रव्यं लसीलाच निष्प्रभ करू शकतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणूनच पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना (WSAVA) सांगते की सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, वयाचे १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्या. दोन डोसांवर थांबणारे पुष्कळ पाळणारे आपल्याकडे आहेत, आणि मला ते बघवत नाही. रेबीजचा १२ आठवड्यांना. गोठ्यात उंदीर आहेत, पाऊस आहे, तेव्हा लेप्टोस्पायरोसिसची लसही सोडणार नाही.

ज्यांनी पिल्लं बघायला यायचं म्हटलंय त्यांनी सध्या थोडं थांबा. पार्वो चपलेच्या तळाला चिकटून येतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पिवळ्याच्या नमुन्याचं पुढचं फ्लोटेशन औषधानंतर आठवड्यानं आहे, आणि बिजलीच्या नमुन्यातले ऊसिस्टही पिकायला ठेवलेत. ती लेंड्या खाताना कधी दिसली नाही, पण रात्री अंगणात मोकळी असते, त्यामुळे तिचे दोनवाले की चारवाले, हे मोजूनच कळेल.