साउथहॅम्प्टनच्या नकाशावर विजळी

रविवारी इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या, सीसिटी म्युझियममध्ये गेले होते. १० एप्रिल १९१२ला टायटॅनिक याच बंदरातून सुटली. सुमारे दीड हजार माणसं बुडाली, त्यांतली पाचशेहून जास्त एकट्या साउथहॅम्प्टनची. बहुतेक जहाजावर कामाला होती: कोळसा ओढणारे, वाढपी, खलाशी. एका दालनात जमिनीवर गावाचा मोठा नकाशा आहे. ज्या घरचं माणूस परतलं नाही, त्या घरावर लाल ठिपका. काही गल्ल्यांत ठिपक्याला ठिपका लागलेला. पाय पडू नये म्हणून मी कडेकडेनं चालले.

जवळच बुडालेल्या इंजिनिअरांचं १९१४चं स्मारक आहे. वादकांचंही आहे, दगडात भजनाची स्वरलिपी कोरलेलं. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते गेलं, तर १९९०मध्ये गावानं तसंच पुन्हा उभारलं. इंग्रज कवी थॉमस हार्डीची टायटॅनिकवरची कविता तर बुडाली त्याच वर्षीची.

मला मात्र सारखी आपली विजळी आठवत होती.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती. शेजारच्या बा तूर निवडताना गायच्या, 'हाजी कासम, तारी वीजळी रे मधदरिये वेरण थई.' लहानपणी मला ती गोष्टच वाटायची. पण आगबोट खरी होती; हाजी कासम तिचा कप्तान, असं म्हणतात. नाव वैतरणा; विजेचे दिवे होते म्हणून लोकांनी तिला विजळी केलं. नोव्हेंबर १८८८मध्ये मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. सातशेहून जास्त माणसं. मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं, लग्नाची वऱ्हाडं. गाण्यात केशरी पोशाखातले नवरदेव चढतात, तिथे बांचा आवाज नेहमी खाली यायचा. पुढे गुजराती लेखक गुणवंतराय आचार्यांनी त्यावर कादंबरी लिहिली. पण बांना ती ठाऊक असेल असं वाटत नाही. त्यांच्याकडे ते गाणं बायकांच्या तोंडून आलं होतं.

इथे घरनिहाय ठिपके आहेत. आपल्याकडे त्या पोरांची घरं कोण दाखवणार?

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला, नकाशाचे फोटो दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग ते गाणं म्हणायला गेली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. "थांब," म्हणाली आणि फोन घेऊन तशीच बांच्या दारात गेली. बा आता नव्वदीला टेकल्यात. आईनं सुरुवात करताच त्यांनी हात वर केला.

"एटलुं झडपथी नहीं, बेन. धीमे."

आणि स्वतःच सुरू झाल्या.