ससा आणि गिनीपिग एकत्र? आधी नीट डॉक्टर शोधा, मग बोलू

नणंदेची बदली बंगळुरूला झाली तेव्हा तिचा ससा बंड्या आणि गिनीपिग चिंगी एकाच पिंजऱ्यासकट आमच्याकडे कोथरूडला आले. "वहिनी, दोघांचं छान जमतं गं, दुकानदाराने जोडी म्हणूनच दिलेत." जमतं म्हणजे काय, तर बंड्या मस्तीत मागच्या पायांनी लाथा झाडणार, मधेच तिच्या अंगावर चढणार आणि चिंगी कोपऱ्यात अंग चोरून बसणार. नणंदेच्या मते ती स्वभावानेच शांत. मला काही ते पटत नव्हतं, आणि तेवढ्यात तिचं नाक वाहायला लागलं, श्वासाला बारीक घरघर, खाणं कमी.

मग सुरू झाला दवाखान्याचा प्रकार, जो आठवला की अजून डोकं फिरतं. जवळचाच मोठा, एसी, चकाचक दवाखाना. फोनवर विचारलं गिनीपिग बघता का, तर "हो मॅडम, सगळे पेट्स बघतो". गेल्यावर रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर प्राण्याच्या रकान्यात फक्त डॉग, कॅट आणि बर्ड! ती मुलगी म्हणे "मी कॅट टाकते, चालेल ना?" मी म्हटलं नाही चालणार, तर म्हणे त्याशिवाय बिलच निघत नाही. मग ब्रीड विचारलं, रेबीजचं इंजेक्शन झालंय का विचारलं, आणि झाली चिंगी मांजर. वजनाला कुत्र्यांचा प्लॅटफॉर्मवाला काटा, तो शून्य आणि एकच्या मधे नुसता नाचत राहिला. बसायला जागा मिळाली ती एक लॅब्राडॉर आणि एक अखंड भुंकणारा पॉमेरियन यांच्या मधे. गिनीपिग म्हणजे मुळात दुसऱ्याचं भक्ष्य होणारा प्राणी, घाबरला की खाणं सोडतो आणि खाणं थांबलं की पोटाचं कामच बंद पडतं, म्हणजे आजार परवडला पण ती वेटिंग रूम नको. मी बाहेर रिक्षात बसते, नंबर आला की हाक मारा म्हटलं, तर "टोकन जाईल". तासाच्या वर तशाच बसलो, मी टोपलीवर ओढणी टाकून.

आत डॉक्टरांनी हात न लावता अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहिलं. आता ससा काय आणि गिनीपिग काय, पेनिसिलिनच्या कुळातलं औषध तोंडावाटे दिलं की पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जीव जाऊ शकतो, एवढं मी वाचलेलं होतं. तसं विचारलं तर उत्तर काय, "मांजरांना आम्ही नेहमी देतो"!! म्हणजे फाईल वाचून औषध, समोर टोपलीत काय बसलंय ते बघायचंच नाही. सिरप घेतलं नाही पण फी पूर्ण भरली, तो राग अजून गेला नाहीये. वर आता मेसेज येतात, चिंगीचं कॅट व्हॅक्सिन बाकी आहे म्हणून.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोपटवाल्या काकूंनी एक्झॉटिक, म्हणजे कुत्रा-मांजर सोडून बाकीचे पाळीव प्राणी बघणाऱ्या डॉक्टर मॅडम सांगितल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न, "घरात ससा आहे का?" मला तर तिथेच अर्धं बरं वाटलं. सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचे जंतू असू शकतात, त्याला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही पण गिनीपिगला त्यानेच न्यूमोनिया होऊ शकतो. आजपासून पिंजरे वेगळे, भांडी वेगळी, बंड्याला हात लावला की साबणाने हात धुवूनच चिंगीकडे. औषध आणि वाफाऱ्याने चिंगी सावरली.

खाण्याचंही गणित वेगळं आहे दोघांचं. माणसासारखं गिनीपिगलाही व्हिटॅमिन सी शरीरात तयार करता येत नाही, ससा करतो, त्यामुळे सशाच्या पेलेट्सवर (तयार गोळी खाद्यावर) गिनीपिग ठेवला तर हळूहळू सांधे दुखायला लागतात, हिरड्यांतून रक्त येतं. मी रोज ढोबळी मिरचीचा तुकडा देते, कधी पेरूची फोड. फ्रीज उघडल्याचा आवाज आला की बाई आतून कुईकुई सुरू करते. मोठ्या झालेल्यांना रोज लसूणघास घालू नका, कॅल्शियम फार असतं, मुतखडा होतो. सुकं टिमोथी गवत महाग पडतं पण पर्याय नाही.

अरे हो, वजन! किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्याला एकदा करा, आजारपण आधी ग्रॅममध्ये दिसतं.

"पण एकटी पडेल ना ती" असं सगळे म्हणतात. सोबत हवीच, पण आपल्या जातीची. स्वित्झर्लंडमध्ये तर गिनीपिग एकटा ठेवणं 2008 च्या नियमांनुसार चालतच नाही. आम्ही दुसरी मादी आणली, आधी मॅडमकडून मादी आहे ना ते बघून घेतलं (दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, नर तीन-चार आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ शकतात), काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवली, मग एकत्र. आता दोघी एकाच बोगद्यात घुसतात.

बंड्याची जोडीदारीण अजून व्हायचीय, त्याआधी त्याचं नसबंदीचं ऑपरेशन. ते मॅडमकडेच करणार, आणि तुम्ही कुठेही न्याल तर फोनवर "गिनीपिग बघता का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तोंडाने कुठलं अँटिबायोटिक देत नाही" ते विचारा, जो अडखळेल तिथे जाऊ नका.