पेन्सिलीचा ठिपका

जानेवारीतला रविवार. दुपारचं जेवण झालेलं, गॅलरीत संत्र्यांची सालं वाळत पडलेली, आणि मी स्टुलावर चढून नव्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करत होतो. स्टूल अशासाठी, की खिळा बाबांनी ठोकलेला आहे आणि बाबा माझ्यापेक्षा चांगले चार बोटं उंच होते. खिळा खाली घ्यावा असं दर जानेवारीत वाटतं.

"काय लिहून राहिले?" आतून आवाज.

"काही नाही."

"मग स्टुलावर चढून काय देवदर्शन करून राहिले का? पडाल."

पडलो असतो तर वर्षाचं नियोजन तिथेच आटोपलं असतं. कुठल्या महिन्यात किती धावायचं, कुठे थांबायचं, कुठली शर्यत, कुठल्या शर्यतीला नुसतं हळहळायचं. गेल्या वर्षी मी दर रविवारी 'लाँ' लिहून ठेवलं होतं, लाँग रनचं. हिनं ते वर्षभर लाँड्री म्हणून वाचलं, आणि दर रविवारी घाणेरडे कपडे मात्र घरीच कसे, याचा तिला उलगडा होईना. त्याच चौकोनांत तिचंही चालू असतं: दूध नाही त्या दिवशी फुली, सिलिंडर लावला त्या दिवशी गोल.

मार्चच्या पानावर थबकलो. १९ तारखेला पाडवा. शके १९४८, पराभव नाम संवत्सर. संवत्सरांची नावं साठ, म्हणजे आपण ज्या नावात जन्मलो ते साठ वर्षांनी पुन्हा दारात येतं. मी १९६६ च्या आश्विनातला. म्हणजे मी जन्मलो तेही पराभवातच! आईनं हे इतकी वर्षं कसं लपवून ठेवलं कोण जाणे. प्राथमिक शाळेत चमचा-लिंबूच्या शर्यतीत तोंडातला चमचा लिंबासकट पडला होता, त्याचा खुलासा झाला एवढं खरं.

मे उलटला तर आणखी गंमत. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. क्षणभर आनंद झाला, कारण धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, रविवार मोकळे. मग आठवलं की या महिन्यात जावयाला बोलवावं लागतं आणि अनारसे एकटा जावई खात नाही. शिवाय नागपूर. पारा पंचेचाळिशीच्या पुढे, नवतपा त्याच दिवसांत, आणि वर्षात एक महिना जास्तीचा द्यायचा तर पंचांगाला आमच्याकडे हाच सापडला! तेव्हा पहाटे चारला कूलरमध्ये पाणी भरून निघायचं. त्या वेळीही डांबर आदल्या दिवशीची वाफ सोडत असतं. मे-जूनच्या पानांवर मी फक्त 'जगणे' असं लिहिलं.

डोंगरांचं तर काय सांगावं. ज्या शर्यती मनात आहेत त्यांत दोन-अडीच हजार मीटर चढायचं असतं, आणि आमचं गाव समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर पाटासारखं पसरलेलं. आहे ती सेमिनरी हिल्स. नावात हिल्स आहेत, आणि नाव अनेकवचनी आहे, यावरच समाधान मानायचं. फुटाळ्याकडून चढायचं, वळायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. गेल्या पावसाळ्यात नवव्या फेरीला बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "काका, काही पडलं का तुमचं?" मी "गुडघे" म्हणालो. तिला विनोद कळला नाही. ती खरंच उठून शोधायला लागली.

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या आणि काळ्या मारबतीचे पुतळे गावची रोगराई घेऊन निघतात तेव्हा, मी जागनाथ बुधवारीच्या गर्दीत उभा राहून सगळ्यांबरोबर ओरडतो, "खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!" आणि हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं, डावा गुडघाही तिच्या ओटीत टाकतो. पिवळीनं अजून नेला नाही. काळीला सांगून पाहायला हवं.

एक मात्र मला अजिबात खपत नाही: 'वयाच्या मानाने'. वयाच्या मानाने छान धावता, वयाच्या मानाने रिकव्हरी चांगली आहे. मला वय कळतं हो. २२० वजा वय, हे नाडीच्या कमाल ठोक्यांचं जुनं ठोकळ गणित मला येतं. यंदा उत्तर १६०. पूर्वी तीन आठवडे जोर आणि एक आठवडा उसंत असायची, आता दोनाला एक. पूर्वी वर्षात पाच शर्यती व्हायच्या, आता एक खरी आणि एखादी तोंडीलावणं. हे सगळं मीच तर पेन्सिलीनं लिहितो आहे. ते दुसऱ्यानं कशाला सांगायचं?

तर एक खरी. कुठली? सप्टेंबरात लडाखची खारदुंग ला, ७२ किलोमीटर. तिथे हवा विरळ आणि आमचा खिसाही. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतली मलनाड अल्ट्रा. डिसेंबरातली सिंहगड-राजगड-तोरणा, ५३ किलोमीटर. ठरवली एक. सांगत नाही. सांगितलं की होत नाही, हे माझं जुनं खूळ. कॅलेंडरवर त्या तारखेला नुसता एक ठिपका दिलाय, माशी बसून गेल्यासारखा.

खरं तर भीती अंतराची नाही, कट-ऑफची आहे: ठरल्या वेळेत पोचलो नाही की बाद. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची नव्वदेक किलोमीटरची शर्यत आहे, १९२१ पासूनची. बारा तास झाले की शेवटच्या रेषेवर एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ करून अशासाठी, की कोण दोन पावलांवर आलंय ते त्याला दिसू नये. आपल्याकडे बंदूक नसते, स्वीपर असतात, शेवटच्याच्या मागून वाट आवरत येणारे. गेल्या वर्षी सह्याद्रीतल्या एका शर्यतीत मी शेवटचा होतो. मागून दोन पोरं येत होती, गप्पा मारत, अगदी सावकाश. माझ्या वेगानं चालणं त्यांना जड जात होतं. वाट दाखवायला कारवीला आणि बाभळीला लाल फिती बांधलेल्या होत्या; मी एक फीत ओलांडली की ती पोरं ती सोडून पिशवीत टाकायची. एकदा मागे वळून पाहिलं. वाट नव्हतीच. नुसतं गवत.

"आरामात, काका," एक म्हणाला.

शेवटचा, ही भानगड मला पन्नाशीपर्यंत ठाऊकच नव्हती. मी पहिल्यांदा डोंगर चढलो तो बाबांच्या मागे, नागद्वारला. अकरा वर्षांचा असेन. नागपंचमीच्या आसपासचे ते दहाएक दिवस पचमढीचं ते जंगल खुलं असतं आणि अर्धा विदर्भ तिकडे लोटतो. बाबा ऑफिसच्या कॅनव्हासच्या बुटांत. कॅरीबॅग नसलेल्या त्या काळात डोक्यावर युरियाचं रिकामं पोतं, एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ. खिशात गूळ-शेंगदाणे. लोखंडी शिडीपाशी मी अडलो. पायऱ्यांवर चिखल, खाली धुकं. तर मागून लुगड्याचा काष्टा मारलेली एक अनवाणी आजी आली, माझ्या ढुंगणाला खालून हात लावला आणि म्हणाली, "चाल बाबू, हर बोला!" आणि मी वर. पुढे कुठल्याशा मंडळाच्या तंबूत गरम खिचडी मिळाली. कोण पहिलं पोचलं, कोण शेवटी, कुणी विचारलं नाही. आजी आमच्या पुढे गेली की मागे राहिली हे मला अजून माहीत नाही.

बाबा दरवर्षी जायचे. पोचल्याचा निरोप नाही, निघाल्याचा नाही. शेजारी फोन होता, पण तो करायला पचमढीत लायनीत कोण उभं राहणार? आई पाचव्या दिवसापासून दुपारी झोपायची नाही. दारात चिखलाचे बूट दिसले की झालं.

यंदा नागपंचमी १७ ऑगस्टला आहे. अधिकामुळे लांबली. तिथेही एक खूण केली.

संध्याकाळी मोबाइलवर फॉर्म भरायला बसलो. रक्तगट, टी-शर्टचं माप, मग आणीबाणीत कुणाला कळवायचं ते. हिचा नंबर टाकत होतो.

"माझा नका देऊ," ती म्हणाली. "मी अनोळखी फोन उचलत नाही. सगळे कर्जवाले असतात."

"मग कोणाचा देऊ?"

पोरगी नाशिकला. जावई मीटिंगमध्ये. तिनं थोडा विचार केला. मग कॅलेंडर खिळ्यावरून काढून खाली घेतलं (हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं) आणि पानं उलटत विचारलं, "तो ठिपका कुठे आहे तुमचा?"

म्हणजे दिसला होता.

मी दाखवला. तिनं बॉलपेन घेतलं, आणि सिलिंडरच्या गोलाशेजारी, ठिपक्याच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं: 'फोन उचलणे'.