साडेसात लिटर पाण्यात धुतलेली गाडी

अमळनेरला आमच्याकडे नळाला पाणी यायचं त्या दिवशी माय पहाटे साडेतीनला उठायची. आधी प्यायचं पाणी, मग स्वयंपाकाचं, मग ओट्यावरचे दोन ड्रम, आणि एवढं करून नळ चालू राहिलाच तर मोरीतला हौद. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे कळशीच्या तळाला उरलेलं गढूळ पाणीही वाया जायचं नाही, ते जिन्याच्या पायऱ्या पुसायला जायचं. तापीवरचं पाडळसे धरण झालं की सगळं सुरळीत होईल, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

लग्नानंतर कॅलिफोर्नियात आले तेव्हा वाटलं, ही पाण्याची काळजी आता सुटली. 2014चा उन्हाळा होता. सनीव्हेलमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो, आणि आम्ही दोघांनी मिळून आमची पहिली गाडी घेतली होती. जुनी, गडद निळी, पण आमची. पहिल्याच रविवारी मी बादली, साबण आणि पाइप घेऊन पार्किंगमध्ये उतरले. पाच मिनिटांत तिथल्या मॅनेजरबाई आल्या. रागावल्या नाहीत. मला हात धरून पार्किंगच्या कोपऱ्यातल्या गटाराच्या जाळीपाशी घेऊन गेल्या. जाळीशेजारी फरशीवर माशाचं चित्र काढलेलं होतं आणि लिहिलं होतं की इथे काही टाकू नका, हे पाणी थेट खाडीत जातं. तिकडे घरातलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, पण रस्त्यावरच्या जाळीत पडलेलं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला मिळतं. माझा साबण, गाडीचं तेल, चाकांवरची ब्रेकची काळी भुकटी, सगळं माशांच्या पोटात.

शिवाय ते दुष्काळाचं वर्ष होतं. जानेवारीतच गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली होती, आणि जुलैत राज्याच्या पाणी मंडळाने नियम केला की तोंडाला बंद करायची तोटी नसलेल्या पाइपने गाडी धुतली तर दिवसाला 500 डॉलरपर्यंत दंड. पुढच्या वर्षी शहरांना मिळून 25 टक्के पाणी कमी करायला सांगितलं गेलं. घरांसमोरची हिरवळ पिवळी पडलेली मी पाहिली आहे. सात समुद्रांपलीकडे येऊन पुन्हा पाणी मोजायचं, हे मला खरंच अनपेक्षित होतं.

बिनपाण्याची धुलाई मला शिकवली ती शेजारच्या सत्तरीतल्या आजोबांनी. त्यांच्याकडे दोन फवाऱ्याच्या बाटल्या आणि घडी करून ठेवलेली सहा मायक्रोफायबरची फडकी होती. त्यांनी आधी पहिल्या बाटलीतला धुलाईचा द्रव बोनेटवर भरपूर फवारला, कंजूषपणा न करता, इतका की थेंब ओघळायला लागले. मग अर्धा मिनिट नुसतं थांबले. त्या द्रवात मळ सुटा करणारी रसायनं असतात आणि गुळगुळीतपणा देणारी पॉलिमरं. ती धुळीच्या कणाभोवती गुंडाळली जातात आणि त्याला पृष्ठभागावरून उचलतात. मग फडक्याची चौघडी करून, हाताचा भार न देता, एकाच दिशेने एकदा ओढायचं. गोल गोल नाही. फडकं उलटायचं, स्वच्छ बाजू घ्यायची, पुन्हा एकदा. चौघडीत दोन्ही बाजू मिळून आठ घड्या वापरायला मिळतात. त्या संपल्या की दुसरं फडकं. शेवटी कोरड्या फडक्याने हलकेच पुसायचं. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाजूला, कारण त्यात अडकलेला एकच खडा पुरेसा असतो.

दुसरी बाटली डिटेलिंग स्प्रेची. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, माझीही झाली होती. डिटेलर हा धुलाईचा द्रव नाही. धुतलेल्या गाडीवर बोटांचे ठसे, रात्रीत बसलेली पातळ धूळ किंवा पाण्याचा ताजा डाग एवढंच त्याने काढायचं, आणि चकाकी येते ती वरची भर. मळलेल्या गाडीवर तो मारून पुसलं तर घासायचंच काम होतं. दोन्ही बाटल्यांना एक नियम सारखा, गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागायला हवा. तापलेल्या पत्र्यावर द्रव पुसायच्या आधीच सुकतो आणि पट्टे राहतात.

दोन वर्षं हे करून मी इतकी निर्धास्त झाले की मे महिन्यात घरी येताना दादासाठी त्या धुलाईच्या द्रवाची एक मोठी बाटली सामानात टाकून आणली. दादाने नुकतीच काळी गाडी घेतली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांधकामाच्या वाळूचे ट्रॅक्टर दिवसभर ये-जा करतात, आणि दुपारी वारा सुटला की घरातल्या फरशीवरही पावलं उमटतात. दारात उभ्या गाडीवर दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल इतका थर. मी बोरी नदीवरून येणाऱ्या सकाळच्या गारव्यात, अगदी शिकवल्यासारखं, फवारलं, थांबले, पुसलं. दिसायला गाडी आरशासारखी झाली. संध्याकाळी ओट्यावरची ट्यूबलाइट लागली आणि बोनेटवर दोन लांब ओरखडे दिसले. दादा काही बोलला नाही. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि आत गेला. मला रात्री जेवण गेलं नाही.

चूक माझी होती. सनीव्हेलची धूळ पातळ असते, परागकणांची, रस्त्याची. इथल्या थरात वाळूचे कण होते. वाळूतलं क्वार्ट्झ काचेलाही ओरखडा पाडतं, आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. एवढ्या जाड थराला फवाऱ्यातला द्रव पुरत नाही. वरचे कण ओले होतात, खालचे कोरडेच राहतात आणि फडक्याखाली ओढले जातात. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीचं तर विचारूच नका. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. चाकांच्या वरच्या कमानीत बसलेला तो चिखल पाण्यानेच भिजवून काढावा लागतो, तिथे कुठलीही बाटली चालत नाही.

पण म्हणून पाइप लावायचा का? साधा पाइप मिनिटाला दहा लिटर सहज ओततो. पंधरा मिनिटांत दीडशे लिटर, म्हणजे मायच्या ओट्यावरच्या ड्रमांतलं पाणी. ते मला मान्य होत नव्हतं. परत आल्यावर मी मधला रस्ता शोधला. त्याला रिन्सलेस धुलाई म्हणतात, म्हणजे साबण लावायचा पण नंतर पाण्याने खळबळायचं नाही. मी ऑप्टिमम कंपनीचं नो रिन्स वापरते, एका भागाला 256 भाग पाणी. साडेसात लिटरच्या बादलीत साधारण 30 मिलिलिटर. पुढच्या वेळी तेच घेऊन गेले.

आता दादाची पद्धत बसलेली आहे. आधी त्याच द्रावणाचा पंपाने सगळ्या गाडीवर फवारा, औषध फवारायचा छोटा हातपंप असतो ना, तोच, नवा कोरा घेतलेला. वाळू ओली होऊन खाली ओघळायला पाच मिनिटं. मग बादलीत भिजवलेली आठ-दहा फडकी. एक फडकं पिळायचं नाही, थोडं निथळू द्यायचं, त्याने छत आणि काचा पुसायच्या आणि ते बाजूला टाकायचं. वापरलेलं फडकं परत बादलीत जात नाही, म्हणून बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. वरून खाली यायचं, दरवाजांचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी. कावळ्याची विष्ठा पडलेली असेल तर त्यावर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, खरवडायचं नाही. ती आम्लधर्मी असते आणि मेच्या उन्हात एका दिवसात रंगावर डाग उठवते. फडकी नंतर वेगळी धुवायची, कपडे मऊ करायचं द्रव्य न घालता, नाहीतर त्यांचे तंतू बुजतात आणि पाणी शोषत नाहीत.

बोअरच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. आमच्या भागात ते जड असतं, गाडीवर सुकलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि मग लोक ते घासत बसतात. बादलीभर पाण्यासाठी दादा नळाचं पाणी वापरतो, आणि एवढंच लागत असल्यामुळे ते परवडतं.

मला खरं वाईट वाटतं ते रोज सकाळच्या कोरड्या फडक्याचं. धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुठल्याही गल्लीत सात वाजता कुणीतरी दुचाकी-चारचाकीवर सुकं फडकं खसाखसा फिरवताना दिसतं. प्रेमानेच करतात. पण उन्हात त्या गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात त्या त्यामुळेच. फडकं फिरवण्याआधी निदान एक फवारा मारा, एवढंच माझं मागणं आहे.

गेल्या रविवारी दादाने व्हिडिओ कॉल लावून गाडी धुतली. माय शेजारी खुर्ची टाकून बसली होती. काम संपल्यावर ती उठली, बादलीत वाकून पाहिलं, तळाला दोन-अडीच लिटर पाणी उरलं होतं.

"इतलाच पानीमा गाडी धोवाई गयी?"

मग तिने विचारलं, उरलेलं तुळशीला घालू का. मी म्हटलं, नको माय, त्यात औषध आहे, फाटकाबाहेरच्या धुळीवर शिंपड. तिने बादली उचलली. मागे ओट्यावर दोन्ही ड्रम दिसत होते, झाकणं लावलेले. नळ यायला अजून दोन दिवस होते आणि त्यातला एक काठोकाठ भरलेला होता.