आमच्या टँकमधलं बाळंतपण

सुरुवातीलाच सांगतो, मला पिल्लं काढायचीच नव्हती. कुर्ल्याहून चार कन्व्हिक्ट मासे आणले होते, अंगठ्याएवढे, दुकानदार त्यांना झेब्रा म्हणत होता, मी कन्व्हिक्ट म्हटल्यावर त्याने असं काही बघितलं की मी पण गपचूप झेब्रा म्हणायला लागलो. राखाडी अंग आणि त्यावर उभे काळे पट्टे, कैद्याच्या कपड्यांसारखे, नाव त्यावरूनच पडलंय. मूळचे मध्य अमेरिकेतले, पण आपल्याकडच्या नळाच्या पाण्यात मजेत राहतात. चार-पाच महिन्यांत दोघांची जोडी जमली आणि उरलेल्या दोघांचे हाल सुरू झाले, दिवसभर हीटरच्या मागे अंग चोरून उभे, शेवटी एका मित्राला देऊन टाकले.

ह्यांच्यात मादी जास्त नटलेली असते, पोटावर नारिंगी झाक, नर मोठा पण फिका. एका रविवारी बघतो तर बाई आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत उलटी होऊन आतलं छत घासतायत आणि दुसऱ्या दिवशी तिथे शंभरेक अंडी चिकटलेली, साबुदाणा बारीक केल्यासारखी. मी घरभर ओरडत फिरलो. सकाळी उठून पाहतो तर कुंडी साफ! सगळे सांगतात पहिल्या वेळी आईबापच अंडी खातात, अननुभवी असतात वगैरे, मी पण तेच धरून चाललो.

दुसऱ्या वेळी म्हणून मग शहाणपणा केला. कुंडीच उचलून वेगळ्या टबमध्ये ठेवली, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे काढणारा दगड) सोडला, थर्मामीटर लावला, २७ डिग्री, एकदम आयसीयू. निम्म्या अंड्यांना बुरशी लागली कारण मादी जे करते, म्हणजे दिवसभर पंखांनी वारा घालणं आणि पांढरं पडलेलं अंडं तोंडाने वेचून काढणं, ते एअर स्टोनला जमत नाही. जी फुटली ती पिल्लं उकडलेल्या अंड्याच्या बलकावर वाढवायला गेलो आणि पाणी नासलं. दोन दिवसांत संपलं सगळं. इकडे टँकमध्ये मादी आठवडाभर कुंडी होती तिथली रिकामी वाळू उकरत बसली होती, ते बघवेना.

तिसऱ्या वेळी काहीच करायचं नाही असं ठरवलं. आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर टँकमधून टक टक आवाज, मोबाईलचा टॉर्च मारला तर आमचा सकर मासा, जो आम्ही काच साफ करायला ठेवला होता, तो कुंडीत शिरलेला आणि हे दोघं त्याला धडका मारतायत. त्याचं अंग चिलखतासारखं, त्याला काय फरक पडतो! अंधारात ह्यांना धड दिसत नाही, त्याला मात्र दिसायची गरजच नाही. म्हणजे पहिल्या वेळी कोणी खाल्लं असेल ते कळलं, आणि मी आईबापांना नावं ठेवत होतो. सकरची रवानगी तिथल्या तिथे बादलीत.

अंडी तिसऱ्या दिवशी फुटली. पिल्लांना तेव्हा पोहता येत नाही, पोटाला बलकाची पिशवी, नुसती वळवळ. दोघांनी वाळूत आधीच तीन-चार खड्डे खणून ठेवले होते, मादी तोंडात चार-पाच पिल्लं घ्यायची, ह्या खड्ड्यातून त्या खड्ड्यात थुंकायची, नर बाहेर उभा. असं रोज बिऱ्हाड हलवणं. आई (माझी, माशांची नाही) रोज चहाचा कप घेऊन समोर बसायची आणि मी लाईट लावला की म्हणायची, "अरे बाळंतीण आहे ती, डोळ्यांवर कशाला मारतोस उजेड."

पाचव्या-सहाव्या दिवशी ढग उठला. खरंच ढगच, खड्ड्यातून करड्या ठिपक्यांचा एक पुंजका वर आला आणि आईच्या मागे निघाला. आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खायला द्यायचे कोळंबीसारखे बारीक जिवंत जीव, मी आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात उबवायला लावली होती, चोवीस-तीस तासांत निघते, पिचकारीने थेट ढगात सोडायची, दिवसातून तीनदा, थोडी थोडी. पाच मिनिटांत सगळ्यांची पोटं केशरी. पण त्याहून भारी म्हणजे मादी स्वतः वाळूत बसून अंग थरथरवून गाळ उडवते आणि पिल्लं त्यातलं बारीकसारीक खातात. बदामाची सुकलेली पानं टाकली होती ती पण उचलून उलटी करून देते. मी टबमध्ये हे कुठून देणार होतो?

गोंधळ झाला तो पाणी बदलताना. रोज थोडं पाणी काढायचो, हवेच्या पंपाला लावतात त्या बारीक नळीने, टोकाला कापड बांधून. एके दिवशी कापड सुटलं आणि सात-आठ पिल्लं बादलीत. चमच्याने एकेक शोधून परत सोडली, नराने लगेच येऊन तोंडात घेतली, माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं गेली, तर हा नीट चालत गेल्यासारखा पलीकडे गेला आणि ढगात थुंकून परत माझ्या बोटाला चावायला आला. संध्याकाळी लाईट बंद व्हायच्या वेळेलाही हेच, कुंडीबाहेर रेंगाळणाऱ्या कार्ट्यांना दोघं तोंडात भरभरून आत नेऊन टाकतात, अगदी दिवेलागणीला सोसायटीखाली हाका मारतात तसं.

आपल्याकडचे पण ह्या खानदानातले आहेत बरं का. गोव्यातलं काळुंदर, केरळचा करिमीन, एकच मासा, तोही जोडीने पिल्लं सांभाळतो. उजनीतली चिलापी पण ह्यांचीच नातेवाईक, ती मात्र १९५२ साली बाहेरून देशात आणलेली, आणि आता किती जलाशयांत पसरलीय ते बघताच आहात. म्हणून कोणी "जास्त झाली तर तलावात सोड" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आता पाच आठवडे झालेत, साठेक वाचलीत, पाऊण इंचाची, अंगावर पट्टे स्पष्ट. टँक जेमतेम शंभर लिटरचा, फिल्टर दर दोन दिवसांनी चोंदतो. एक दुकानदार म्हणाला वीस घेईन, पैसे नाही देणार, खाद्याचं पाकीट देईन. बाकीची कोणाला हवी असतील तर सांगा, फुकट, डबा घेऊन या. जरा लवकर सांगा, कारण काल रात्रीपासून मादी स्वतःच्याच पिल्लांना हाकलतेय, पोट परत नारिंगी झालंय आणि कुंडीचं छत घासणं सुरू आहे. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "ह्या खेपेला हिला माहेरी पाठव."