९ व्होल्टच्या बॅटरीतले ३ व्होल्ट गेले कुठे?

बारावीला किर्चहॉफचे नियम, म्हणजे सर्किटमधल्या करंट आणि व्होल्टेजच्या बेरजा-वजाबाक्या, मी चक्क पाठ करून पास झालेय. लूप काढायचा, प्लस मायनस टाकायचे आणि करंट मायनसमध्ये आला की घाबरून सगळं खोडायचं. मायनस म्हणजे आपण करंटचा बाण उलटा धरलेला, आकडा बरोबरच असतो, हे मला एफवायला आल्यावर कळलं. आणि हे नियम त्याने १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो जेमतेम २१ वर्षांचा विद्यार्थी होता म्हणे, म्हणजे आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, ऐकून जरा लाजच वाटली.

सरांनी त्यातला जंक्शनचा नियम नाशिकच्या द्वारका चौकावरून शिकवला, जेवढ्या गाड्या आत तेवढ्या बाहेर. मागून कोणीतरी म्हणालं, सर द्वारकाला तर गाड्या आतच अडकून बसतात! सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, बरोबर, म्हणूनच लक्षात ठेवा, वायरच्या जोडावर चार्ज साठून राहत नाही, तो द्वारका नाहीये.

लॅबमध्ये पहिल्याच दिवशी मी मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रोध सगळं मोजणारा मीटर) करंटच्या रेंजवर, म्हणजे अँमीटर करून ठेवून सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावला. आतला फ्यूज गेला. लॅबचे काका काही ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "अगं, अँमीटर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावतात, तो म्हणजे जवळपास नुसती वायरच." परीक्षेत हे वाक्य मी दहा वेळा लिहिलं असेल, पण हाताला कळलं ते त्या दिवशी.

मग एमजी रोडवरून साधा पिवळा मीटर, ब्रेडबोर्ड (भोकांत वायरी खोचून सर्किट जोडायचा बोर्ड) आणि मूठभर रेझिस्टर (करंटला रोध करणारे तुकडे) घेऊन आले आणि सिडकोला घरीच उद्योग सुरू केले. ब्रेडबोर्डवर अर्धा तास वाया गेला कारण माझ्या बोर्डची बाजूची लाल पट्टी मध्येच तुटलेली असते आणि तिथे वायरचा तुकडा टाकून जोडावी लागते, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. दोन रेझिस्टर १-१ मेगाओहमचे, तपकिरी-काळा-हिरवा पट्ट्यांचे, सिरीजमध्ये लावले आणि बॅटरी जोडली. बॅटरी मोजली तर बरोब्बर ९, म्हणजे प्रत्येकावर साडेचार यायला हवेत ना, मीटर म्हणतोय ३. दुसऱ्यावर लावला, तिथेही ३. ३ आणि ३ सहा, मग उरलेले ३ व्होल्ट काय आईने चहात टाकले? रेझिस्टर बदलले, पट्ट्यांचे रंग परत वाचले, वायरी काढून घातल्या, रात्रीचे साडेअकरा वाजले तरी ३ च. वैतागून १० किलोओहमचे लावले तर लगेच ४.४८. आता हे काय!

दुसऱ्या दिवशी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी काही न बोलता माझ्या आकृतीत एका रेझिस्टरला समांतर अजून एक रेझिस्टर काढला आणि त्यावर लिहिलं, तुझा मीटर. स्वस्तातल्या मीटरचा स्वतःचा रोधच साधारण १ मेगाओहम असतो. म्हणजे मी ज्याला मीटर लावत होते त्या १ मेगाचा मीटरसकट अर्धा मेगा होत होता, त्यावर ३ आणि दुसऱ्यावर त्याच वेळी ६. बेरीज ९ च होती, पण मीटर दुसरीकडे नेला की ते ६ पण पळायचे, त्यामुळे मला कधी दिसलेच नाहीत. आणि १० किलोपुढे १ मेगाचा मीटर म्हणजे नसल्यासारखाच. व्होल्टमीटरचा रोध खूप जास्त हवा म्हणतात तो यासाठी!

तरी खात्री करायची होती, म्हणून मैत्रिणीचा तसलाच मीटर आणला आणि दोन्ही रेझिस्टरवर एकदमच एकेक मीटर लावला. दोन्हीवर साडेचार! फोटो सरांना पाठवला तर त्यांचं उत्तर, "आता एक मीटर काढ, आणि काढण्याआधी दुसऱ्यावर काय दिसेल ते लिहून ठेव."