तुम्ही विचारलंत म्हणून: निळ्याच पाच दौती कशाला?

माझ्या टेबलावर पाच दौती आहेत आणि पाचही गडद निळ्या शाईच्या. घरी येणारा प्रत्येक जण त्यातली एक उचलतो, उजेडाकडे धरतो, परत ठेवतो आणि विचारतो, "सगळ्या सारख्याच तर आहेत. फरक काय?" इतकी वर्षं मी "आहे थोडासा" म्हणून वेळ मारून नेत होतो. पण मागच्या पावसाळ्यात वहिनींनी हाच प्रश्न माझा पांढरा शर्ट हातात धरून विचारला, तेव्हा बसून उत्तर देणं भाग पडलं.

झालं होतं असं की खिशात पेन गळलं. पूर्वीही गळायचं, पण तेव्हा त्यात रॉयल ब्लू असायची आणि डाग साबणाच्या पाण्यात निघून जायचा. या वेळीही डाग निळाच दिसत होता, म्हणून वहिनींनी त्यावर ब्लीच टाकलं. निळा रंग गेला आणि त्याच जागी गंजासारखा पिवळट-तांबूस डाग उमटला. "अहो भाऊजी, ही शाई आहे की खिळा?"

वहिनी बोलल्या ते रागानं, पण बोलल्या अगदी बरोबर. त्या दिवशी पेनात पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक होती आणि तिच्यात खरोखरच लोखंड असतं.

वहिनींना समजवायला बाळगुटी उपयोगी पडली. बाळगुटीतलं मायफळ हे खरं तर फळच नव्हे. ओकच्या फांदीवर एक बारीकशी माशी अंडी घालते, तिथे झाडाला गाठ येते, ती गाठ म्हणजे मायफळ. तुरट इतकं, की जिभेला लावलं तर तोंड आक्रसतं. त्याच्या अर्कात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळला की शाई होते. युरोपात शेकडो वर्षं कागदपत्रं याच शाईनं लिहिली गेली. गंमत अशी, की ताजी असताना ती जवळजवळ बेरंगी असते. कागदावर हवा लागल्यावर त्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ कागदाच्या तंतूंत रुतून बसतो. पण लिहिताना अक्षरच दिसलं नाही तर लिहिणार कसं? म्हणून तिच्यात निळा रंग घालू लागले. लिहिताना निळी, नंतर काळी, म्हणून ब्लू-ब्लॅक. लंडनच्या हेन्री स्टीफन्स नावाच्या डॉक्टरनं १८३२ साली अशी शाई विकायला काढली. हा गृहस्थ विद्यार्थीदशेत कवी कीट्सबरोबर एका बिऱ्हाडात राहिला होता. शाईशी याचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हणजे ब्लू-ब्लॅक हे मुळात रंगाचं नाव नव्हतंच. शाई काय करते, याचं ते वर्णन होतं. पुढे कंपन्यांनी लोखंड काढून टाकलं आणि नाव तेवढं ठेवलं. माझ्या टेबलावरचा घोळ इथून सुरू होतो. पार्कर क्विंकच्या दौतीवरही ब्लू-ब्लॅकच लिहिलंय, पण तिच्यात नुसते रंग आहेत. वॉटरमनच्या ब्लू-ब्लॅकचं तर त्यांनी नावच बदलून मिस्टीरियस ब्लू केलं, ते एका परीनं प्रामाणिकपणाचंच झालं. उरलेल्या दोन जपानी: पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतली शिन-काई, म्हणजे खोल समुद्र, आणि सेलरची सेई-बोकू.

दौतीत या पाचही काळ्याच दिसतात. गडद शाईचा थर जाड असला की तो जवळपास सगळाच उजेड गिळतो, मग डोळ्याला काय कळणार? शाई पातळ झाल्याशिवाय तिचा स्वभाव उघडा पडत नाही. त्यासाठी टीपकागदाची पट्टी घ्यायची, खालच्या टोकापासून बोटभर वर शाईचा ठिपका द्यायचा आणि ठिपका बुडणार नाही अशा बेतानं खालचं टोक पाण्यात धरायचं. पाणी वर चढताना शाईतले रंग सुटे करत नेतं. क्विंकच्या पट्टीवर एक स्वच्छ मोरपंखी पट्टा वर पळाला, तेव्हा माझं जुनं कोडं सुटलं. क्विंकनं लिहिलेली माझी जुनी पानं हिरवट का दिसतात हे मला कळत नव्हतं. मी कागदाला दोष देत होतो. शिन-काईत निळ्यामागे करडी झाक निघाली. सेई-बोकूचा ठिपका मात्र जागचा हलला नाही.

एक सांगतो, तुलना करायची तर पेन, निब आणि कागद तेच ठेवा. ओल्या, म्हणजे भरपूर शाई सोडणाऱ्या निबेतून आलेली वॉटरमन आणि कोरड्या निबेतून आलेली पेलिकन शेजारी ठेवून लोक जी मतं देतात ती निबेबद्दलची असतात. ट्यूबलाइटखाली तर बोलूच नका. सकाळी खिडकीपाशी बसा.

खरा फरक पहिल्या दिवशी दिसतच नाही, म्हणून मी पाचही शायांनी एकेक ओळ लिहून कागद पश्चिमेच्या खिडकीला चिकटवला, अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून. सहावी ओळ लहानपणच्या आठवणीखातर उंटाच्या रॉयल ब्लूची. ज्या दांडेकरांनी १९३१ साली गिरगावात शाईची पूड आणि वड्या करून सुरुवात केली, त्यांचीच ती उंट छाप शाई. आमच्या पिढीची बोटं तिनंच रंगली. दिवाळीला लावलेला कागद होळीला काढला. रॉयल ब्लू जवळपास गायब. क्विंक आणि वॉटरमन दोन्ही फिकुटलेल्या आणि हिरवट. शिन-काई पावसाळी आभाळासारखी करडी. पेलिकनचा निळा रंग पार उडालेला, पण खालची करडी रेघ वाचता येत होती. सेई-बोकू, जणू काल लिहिलेली.

सेई-बोकूत विरघळणारा रंग नसतो, अतिशय बारीक रंगकण असतात. आपल्याकडच्या जुन्या मोडी कागदांवरची काजळाची शाई अजून काळी आहे, तेही साधारण याच कारणानं. काजळीवर पाण्याचा आणि उन्हाचा फारसा इलाज चालत नाही. मात्र ती डिंक घातलेली शाई फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचं मुकं होतं. सेलरनं कण इतके बारीक केले की ते निबेतून वाहतात, तरीही पेन महिनाभर टोपण लावून विसरायचं नाही. लोखंडाच्या शाईचंही तेच, शिवाय ती दुसऱ्या शाईत कधीही मिसळायची नाही.

मग घ्यावी कोणती? रोजच्या लिखाणाला, आपल्याकडच्या साध्या वहीच्या कागदावर, माझं मत पेलिकनला. थोडी कोरडी वाहते, पण अक्षराला मिशा फुटत नाहीत आणि मागच्या पानावर उमटत नाही. नुसत्या देखणेपणाला शिन-काई. वॉटरमन कुठल्याही जुन्या पेनात बिनघोर भरावी. क्विंक आणि वॉटरमन यांतली एकच घ्या, दोन्ही मी घेतल्या तेवढ्या पुरे.

हे सगळं वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. दरम्यान शर्टावर लिंबू पिळून, मीठ चोळून तो उन्हात टाकला होता. दोन दिवसांत गंज निघाला. लिंबाचं आम्ल लोखंडाला सोडवून नेतं, हेही मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग मला त्यातली न जाणारी द्या. लोणच्यांच्या प्रमाणांची वही नव्यानं उतरवायचीय, ओला हात लागतोच."

मी मोठ्या थाटात पेलिकनची दौत पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पण भाऊजी, पहिलंच पान लिंबाच्या लोणच्याचं आहे."

राहिली सेई-बोकू. ती दौत बाहेरून मागवलेली, महागाची, अर्ध्यावर आलेली. माझा हात तिच्याकडे जायला किंचित उशीर झाला असावा. "असू दे," वहिनी म्हणाल्या, "मी आपली बॉलपेननं लिहिते."